मीटर चढला की चहा बदलतो

श्रीलंकेचा नकाशा उघडला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: एवढासा तर देश! क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भात मावून वर जागा उरेल. मग आपण कँडी ते नुवारा एलिया अंतर बघतो. ७७ किलोमीटर. एक्स्प्रेसवेची सवय झालेला बाबा मनातल्या मनात दीड तासाचा हिशेब मांडतो आणि संध्याकाळचा कार्यक्रम ठरवायला लागतो. व्हॅनचा चालक नुसता हसतो. अडीच तास धरावेत. मुलांपैकी कुणाला गाडी लागत असेल तर तीन. दर धबधब्यापाशी उतरणारे काका बरोबर असतील तर संध्याकाळचा कार्यक्रम विसरावा.

या डोंगरात किलोमीटर मोजून काही हाती लागत नाही. मोजायचे ते समुद्रसपाटीपासूनचे मीटर. चहाची चव, भाजीचं पीक, अंगातला स्वेटर, रेल्वेची वळणं, सांबर कुठे दिसणार आणि धुकं किती वाजता येणार, सगळं उंचीच्या हुकमाने चालतं. मागच्या सीटवरच्या पोरांच्या फोनवर उंची दाखवणारं अ‍ॅप टाकून द्या, म्हणजे ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नाच्या जागी ‘आता किती मीटर?’ सुरू होईल. आलेपाकाच्या वड्या हाताशी ठेवा आणि निघा.

स्टिअरिंग कुणाच्या हातात?

रस्त्याची डावी बाजू, उजवीकडे स्टिअरिंग, सगळं आपल्यासारखंच. त्यामुळे ‘मीच चालवतो की’ अशी खुमखुमी घरातल्या एकाला तरी येतेच. पण नुसता आंतरराष्ट्रीय परवाना खिशात असून भागत नाही, त्यावर तिथली स्थानिक मान्यता घ्यावी लागते. बहुतेक कुटुंबं चालकासकट व्हॅन घेतात आणि ते शहाणपणाचंच आहे. आजी, आजोबा, चार बॅगा आणि खाऊची पिशवी मावेल अशी टोयोटाची उंच व्हॅन तिथे ‘केडीएच’ या नावाने ओळखली जाते. २०२० मध्ये सरकारने खासगी गाड्यांची आयात बंद केली, ती २०२५ पर्यंत उघडली नाही. त्या काळात जुन्या गाड्यांचे भाव चढत गेले. म्हणून तुमचा चालक दरवाजा हळू लावायला सांगत असेल तर रागावू नका. त्याच्या पायाखालची गाडी म्हणजे त्याची मुदत ठेव आहे.

डोंगरातल्या बऱ्याच हॉटेलांत चालकांसाठी वेगळी राहण्याची सोय असते. ती कशी आहे हे आधी विचारून घ्या. रात्रभर नीट न झोपलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशीचा घाट देणं ही काटकसर नाही.

आणि गावातल्या गावात फिरायला रिक्षा आहेच. रंगीबेरंगी, आत दिव्यांच्या माळा, आरशापाशी बुद्ध किंवा गणपती. तिथे तिला टुकटुक किंवा थ्रीव्हीलर म्हणतात, पण नीट बघा, बहुतेकांच्या तोंडावर ‘बजाज’ लिहिलेलं असतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये ज्या कंपनीच्या रिक्षा बनतात, तीच ही. परदेशात आल्याचा रुबाब तिथेच निम्मा उतरतो.

भविष्यवाणीला झाला उशीर

कोलंबोहून कँडीकडे जाताना ११५ किलोमीटरच्या रस्त्यावर सुरुवातीला काजूगामा लागतं. रस्त्याच्या कडेला टपऱ्यांची रांग आणि रंगीत कपड्यांतल्या बायका काजू विकताना दिसतात. काजू तिथेही पोर्तुगीजांनीच आणला, गोव्यात आणला तसाच, आणि सिंहली भाषेत तो ‘कजु’ म्हणूनच राहिला.

पुढे मावनेल्लाजवळ उतुवनकंद नावाचा सुळका दिसतो. हा सरदिएलचा डोंगर. १८३२ मध्ये जन्मलेला हा दरोडेखोर याच रस्त्यावर श्रीमंतांना लुटायचा आणि गरिबांत वाटायचा, अशी त्याची ख्याती. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला कँडीत फाशी दिलं. आज तो तिथला लोकनायक आहे.

त्याच्यानंतर कडुगन्नावाचा घाट. इथे रस्त्यालगत एक भलामोठा खडक आरपार फोडलेला आहे. लोक सांगतात, कँडीच्या राज्यात भाकीत होतं की डोंगराला भोक पाडून जो आत येईल त्यालाच हे राज्य जिंकता येईल. इंग्रजांनी मग खडकच फोडला. गोष्ट झकास आहे, फक्त तारखा ऐकत नाहीत. कँडी इंग्रजांच्या हाती गेलं १८१५ मध्ये, आणि हा रस्ता बांधायला घेतला त्यानंतर पाच वर्षांनी! जिंकण्याचं काम भोक पाडण्याआधीच उरकलं होतं. रस्ता बांधणारा कॅप्टन डॉसन काम चालू असतानाच वारला. त्याच्या नावाचा उंच मनोरा घाटमाथ्यावर १८३२ पासून उभा आहे.

कँडी लागलं की अ‍ॅपवर साधारण ५०० मीटरचा आकडा दिसतो. दंतमंदिर बघा, तळ्याला एक फेरी मारा, पण मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस पेरादेनियाच्या बागेला राखून ठेवा. १४७ एकरांची ही बाग तीन बाजूंनी महावेली नदीच्या वेढ्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन यांनी आग्नेय आशियाच्या आघाडीचं मुख्यालय याच बागेत थाटलं होतं. झाडांवर दिवसाढवळ्या उलटी लटकलेली मोठाली वटवाघळं ही मुलांची खरी चैन. माउंटबॅटनमध्ये त्यांना फारसा रस नसतो.

एक सूचना आत्ताच. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूची दुकानं बंद, मांसाची विक्री बंद, आणि देवळांकडे जाणारे रस्ते गच्च. हॉटेल बुक करण्याआधी कालनिर्णय बघून घ्या.

वळणावरचा फुलवाला

कँडी सोडून गाडी पुसेल्लावा, रांबोडा असं चढू लागली की चहाचे मळे सुरू होतात आणि वळणं इंग्रजी यू अक्षरासारखी होतात. एका वळणावर एक पोरगा फुलांचा गुच्छ घेऊन उभा असतो. हात हलवतो. तुम्ही नको म्हणता, गाडी पुढे जाते. पुढच्या वळणावर पुन्हा तसाच एक पोरगा उभा. तसाच शर्ट, तशीच फुलं. जुळा भाऊ असेल म्हणून आजी गप्प बसते. तिसऱ्या वळणावर मात्र तो धापा टाकत असतो आणि मागच्या सीटवर एकच कल्ला होतो.

युक्ती सोपी आहे. गाडीला रस्त्यावरून वळसा घालावा लागतो. पोरगा मळ्यातल्या पायवाटेने सरळ रेषेत कापतो आणि तुमच्या आधी पोचतो. उतरणीच्या गाड्यांच्या पुढे राहायचं म्हणजे तर त्याला नुसतं घसरत धावायचं असतं. या रस्त्यावरचे हे फुलवाले वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहेत. मनात एक खुपतं: शाळेच्या वेळेत शाळकरी पोर दिसलं तर फुलं घेणं म्हणजे त्याला उद्याही रस्त्यावर उभं करणं. मोठा माणूस असेल तर जरूर घ्या, घासाघीस न करता. तेवढं धावण्याचं मोल तरी चुकतं करायलाच हवं.

रांबोड्याला १०९ मीटरचा धबधबा आहे, २२५ मीटरचा बोगदा आहे आणि चिन्मय मिशनचं हनुमानाचं मंदिर आहे. समोर कोतमले धरणाचं पाणी. इथे काकांना आवरू नका, फोटो काढू द्या.

दरीत बग्गी, हत्तीला ब्रँडी

याच रांबोडा घाटाची एक जुनी हकीकत ऐकाच. सॅम्युअल बेकर हा इंग्रज १८४८ च्या सुमारास नुवारा एलियाला विलायती शेती उभारायला निघाला. बरोबर गडी-माणसं, शिकारी कुत्रे, जातिवंत गुरं, बियाणं, अवजारं असा अख्खा संसार. त्याच्याकडे पर्केस नावाचा मोतद्दार होता आणि त्याला बाटली प्रिय होती. या पठ्ठ्याने घाटात घोडागाडी दरीत घातली. घोडे गेले, गाडी गेली, स्वतः मात्र सुखरूप राहिला, आणि मालकाला चिठ्ठी लिहून कळवलं की मी सोबत पडलो नाही हे केवढं नशीब!

गोष्ट इथे संपत नाही. मोडकी गाडी आणायला बेकरने हत्ती पाठवला. पर्केस हत्तीवर चढला आणि त्याला घाटातून दुडक्या चालीने पळवत सुटला. हत्ती दमून डगमगू लागला तेव्हा त्याला ताजंतवानं करायला ब्रँडी पाजली. हत्ती मेला. हे सगळं बेकरने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. हाच बेकर पुढे नाईल नदीचा उगम शोधत आफ्रिकेत गेला आणि अल्बर्ट सरोवरापर्यंत पोचला. पर्केसला बरोबर नेलं नाही.

चालक निवडताना काय बघावं, याचा धडा या घाटाने असा फार पूर्वीच दिलेला आहे.

एक झाड, अनेक चवी

आता मुख्य विषय. या डोंगरात आधी चहा नव्हता, कॉफी होती. जंगल तोडून मैलोन्‌मैल कॉफी लावली होती. १८६९ मध्ये पानांवर तांबेरा दिसला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफीचं साम्राज्य आडवं झालं. त्याआधी दोन वर्षं, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ लूलकंदुरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावून ठेवला होता. बुडत्या मळेवाल्यांना तेवढाच आधार मिळाला. १८८३ मध्ये कोलंबोत चहाचा पहिला लिलाव झाला. १८९० मध्ये किराणा दुकानांच्या धंद्यात गब्बर झालेला थॉमस लिप्टन येऊन मळे विकत घेऊ लागला. पुढचं पाकिटावर छापलेलं आहेच.

मळ्यांची नावं वाचत जा, गाडीतला छान खेळ होतो. ग्लेनलॉक, ब्लॅकपूल, ग्रेट वेस्टर्न, सॉमरसेट, होलीरूड. घरची आठवण येणाऱ्या गोऱ्यांनी डोंगरभर आपली गावं पेरून ठेवली. पण जी माणसं हे मळे उभे करायला तमिळ मुलखातून पायी चालत आली, त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने या लाखो मळेकामगारांचं नागरिकत्व गेलं. १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमावो भंडारनायके यांच्यात करार झाला, कित्येक कुटुंबं भारतात पाठवली गेली. उरलेल्यांचा प्रश्न मिटायला २००३ चा कायदा यावा लागला. रस्त्यावरून जी बुटकी, एकाला एक लागून असलेली घरांची रांग दिसते, ती त्यांची लाइनघरं. अनेक घराण्यांच्या पाच-सहा पिढ्या तिथेच गेल्या.

खुडणारी बाई जवळून बघा. दोन पानं आणि एक कळी, दोन्ही हातांनी, नजर पुढच्या झुडपावर. दिवसाला १८-२० किलो पाला वेचायचा तेव्हा पुरी मजुरी. डोक्यावरून पट्टा घेतलेली वेताची टोपली आता बहुतेक पर्यटकांच्या फोटोपुरती उरली आहे. प्रत्यक्षात पाठीवर प्लास्टिकच्या पोत्याची झोळी असते, कारण ती हलकी. आणि हो, फोटो काढायचा तर आधी विचारा. ती कामावर आहे, देखावा म्हणून उभी नाही.

साडेचार-पाच किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो. कारखाना दाखवायला बहुतेक मळे राजी असतात. वरच्या मजल्यावर पाला रात्रभर वाऱ्यावर सुकवतात, मग तो वळणाऱ्या यंत्रात जातो, आणि तिथून जो वास येतो तो चहाचा नसतो, ताज्या कापलेल्या गवताचा असतो. हळूहळू पाला तांबूस होतो, भट्टीत जाऊन काळा होतो, चाळण्यांतून जाऊन वेगवेगळ्या आकारांत पडतो. पाकिटावरची बीओपी, ओपी, डस्ट ही अक्षरं मुख्यतः पानाचा आकार सांगतात, दर्जा नव्हे, हे तिथला माणूस दहा वेळा समजावतो. तरी बाहेर आल्यावर आपल्यातला कुणी तरी ‘सगळ्यात भारी ग्रेड कुठली?’ विचारतोच.

आणि आता उंचीची करामत. झुडूप तेच, पण ६०० मीटरच्या खाली पिकलेला चहा काळाभोर आणि जोरकस. ६०० ते १,२०० मीटरवरचा मधला. त्याहून वर गेलात की रंग सोनेरी, चव हलकी, वास फुलांसारखा. नुवारा एलियाचा चहा सगळ्यात नाजूक. पूर्वेच्या उतारावरच्या ऊवाच्या चहाला जुलै-ऑगस्टमधल्या कोरड्या वाऱ्याने थंडगार पुदिन्यासारखी झाक येते. पश्चिमेच्या दिंबुलाचा बहर जानेवारी ते मार्च. याचं कारण असं की या डोंगराला दोन मान्सून दोन बाजूंनी भेटतात: मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून. एका उतारावर छत्री असते तेव्हा दुसऱ्यावर गॉगल.

आता मराठी कुटुंबांसाठी कडू सत्य. आपण हौसेने नुवारा एलियाचा महागडा चहा घेतो आणि घरी येऊन दूध, आलं, साखर घालून तो खळखळ उकळतो. त्या चहाचं सगळं कसब पातेल्यात बुडतं. दूध घालून उकळणारच असाल तर सखल भागातला, बारीक कणांचा चहा घ्या. स्वस्त पडेल आणि उतरेलही झकास. वरचा चहा घ्यायचा तर किटलीत, झाकण ठेवून, बिनदुधाचा. पाकिटावर तलवार घेतलेल्या सिंहाचं चिन्ह आहे ना, तेवढं तपासा. ते असेल तर चहा शंभर टक्के तिथला आणि पाकीटबंदही तिथेच झालेला.

कळसूबाईच्या माथ्यावर बाजारपेठ

नुवारा एलियाच्या बाजारात उभे राहिलात की अ‍ॅपवर १,८६८ मीटर दिसतात. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक तुमच्या पायांच्या दोनशे मीटर खाली, आणि इथे लोक निवांत गाजरं विकत बसलेले! विषुववृत्त जेमतेम सात अंशांवर, तरी जानेवारी-फेब्रुवारीत कधीकधी पहाटे गवतावरचं दंव गोठतं. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, एवढंच त्यातलं गणित. कोलंबोत घामाने चिंब झालेलं कुटुंब इथे उतरताच पहिल्यांदा स्वेटर शोधतं, आणि तो नेमका सगळ्यात खालच्या बॅगेत असतो.

गाव म्हणजे विलायतेची नक्कल: १८९४ चं विटांचं पोस्ट ऑफिस, गोल्फचं मैदान, गव्हर्नर ग्रेगरीने १८७३ मध्ये केलेला तलाव. एप्रिलमध्ये, सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुमारास, इथे ‘सीझन’ असतो. घोड्यांच्या शर्यती, फुलांची प्रदर्शनं, मोटारींची घाट चढण्याची स्पर्धा. मजा आहे, पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव ऐकून घाटापेक्षा जास्त चक्कर येते. गर्दी नको असेल तर एप्रिल टाळा. रस्त्याकडेला हातभर लांब लीकच्या जुड्या आणि धुतलेल्या गाजरांचे ढीग मात्र बारा महिने दिसतात.

खलनायक? कोण म्हणतं?

नुवारा एलियापासून पाचेक किलोमीटरवर सीता एलिया. ओढ्याकाठी सीताअम्मन मंदिर. कातळावरच्या खळग्यांना हनुमानाची पावलं मानतात, आणि आसपासची काळी माती लंकादहनाची खूण. जवळच हक्गलाचा डोंगर, तो म्हणे हनुमानाच्या हातून निसटलेला तुकडा. त्याच्या पायथ्याची बाग मात्र संजीवनीसाठी नाही, सिंकोनासाठी लावली, १८६१ मध्ये. सिंकोनाच्या सालीपासून मलेरियावरचं क्विनाइन काढतात, म्हणजे औषधी वनस्पतीचा योग जुळला म्हणायचा.

आजीला इथे भरून येतं. पण पुढे एल्लाला गेलात की रावणाचा धबधबा, रावणाची गुहा, दोरावरून घसरण्याचा ‘फ्लाइंग रावण’. तिथल्या पुष्कळ लोकांच्या लेखी रावण म्हणजे विद्वान राजा, वैद्य, विमानाचा जाणकार. २०१९ मध्ये श्रीलंकेचा पहिला संशोधन उपग्रह अवकाशात सोडला गेला, त्याचं नाव काय ठेवलं? रावणा-१. दसऱ्याला त्याला जाळणाऱ्या मुलांना हे सांगून बघा, एल्लापर्यंत गाडीत दुसरा विषय निघणार नाही. धबधबा जेमतेम २५ मीटरचा आहे, नावावरून फार अपेक्षा ठेवू नका. देशातला सर्वांत उंच धबधबा हापुतलेच्या बाजूला, बंबरकंद, २६३ मीटर. तिथे गर्दी कमी. जगाची रीतच आहे.

कोकणातल्या माणसाला घरपोच

सकाळी ताटात येतात ‘इंदी आप्प’. मालवणी माणूस बघताच म्हणतो, अरे हे तर शिरवाळे! आपण ते नारळाच्या गोड रसात बुडवतो, ते हळद घातलेल्या नारळाच्या तिखट-खारट रश्शात. कोवळ्या फणसाची भाजी आहे, कवठाचं सरबत आहे, आणि मातीच्या मडक्यातल्या म्हशीच्या दह्यावर कितुलचा काकवीसारखा पाक ओतून मिळतो. कितुल म्हणजे आपला भेरली माड. कोकणात तो बहुतेकांना शोभेचं झाड म्हणून ठाऊक. तिथे त्याच्यावर घरं चालतात.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. ‘पोल संबोल’ नावाची नारळाची लालभडक चटणी बघून हात आपोआप पुढे जातो, पण तिच्यात बहुधा सुक्या मालदीव माशाचा चुरा असतो. ‘उंबलकड नको’ एवढं दोन शब्दांत सांगितलं की काम होतं.

संध्याकाळी दुरून बेथोव्हेनची ‘फ्यूर एलिझ’ ही धून ऐकू आली तर मैफल शोधू नका. पाववाल्याची रिक्षा आली आहे. मागच्या काचेच्या कपाटात पाव, बन, सामोशासारखे त्रिकोणी पॅटिस. मुलांना पैसे देऊन पिटाळा.

जगाच्या टोकावर सकाळी नऊच्या आत

नुवारा एलियाहून पहाटे पाचला निघायचं, सहाला हॉर्टन प्लेन्सच्या फाटकावर. २,१०० मीटरच्या वरचं हे गवताळ पठार. फाटकावर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिकची वेष्टनं काढून घेतात, अगदी पाण्याच्या बाटलीवरचा कागदी दिसणारा पातळ पट्टासुद्धा. चिडू नका. इथली सांबरं माणसाळून वाहनतळापर्यंत येतात, आणि प्लास्टिक गिळून मेल्याचे प्रकार घडले आहेत. त्यांना बिस्किट देणारा मामा तुमच्याच गटातला असेल तर त्याला गाडीत बसवून ठेवा.

साडेनऊ किलोमीटरची फेरी आहे. वाटेत बेकरच्या नावाचा धबधबा, तोच ब्रँडीवाल्या मोतद्दाराचा मालक. पुढे ‘वर्ल्ड्स एंड’: पठार एकदम संपतं आणि सुमारे ८७० मीटरचा कडा सरळ खाली जातो. नऊ-दहा वाजले की खालून धुकं चढतं आणि समोर नुसता पांढरा पडदा. उशिरा उठणाऱ्यांना तिकीट सारखंच पडतं, दिसत काही नाही. लहानांचा हात इथे सोडायचा नाही.

गाडी रस्त्याने, आपण रुळाने

नुवारा एलियाचं स्टेशन नानु ओया. इथून एल्लापर्यंत कुटुंबाने आगगाडीने जावं, सामान घेऊन चालक रस्त्याने पुढे जातो आणि एल्लाला घ्यायला उभा राहतो. ही तिथली रुळलेली सोय आहे. तिकिटं महिनाभर आधी सुटतात आणि लगेच संपतात.

रेल्वेप्रेमी आजोबांसाठी खास माहिती. माथेरान असो, दार्जिलिंग असो, सिमला असो, आपल्या डोंगरी गाड्या अरुंद रुळांवर धावतात. श्रीलंकेने मात्र साडेपाच फुटांचा ब्रॉडगेज, म्हणजे मुंबईच्या लोकलइतका रुंद रूळ, थेट १,८९८ मीटरवरच्या पट्टिपोळापर्यंत चढवला. एल्लाजवळचा नऊ कमानींचा पूल १९२१ चा, ९१ मीटर लांब, लोखंडाचा तुकडाही न वापरता दगड, विटा आणि सिमेंटवर उभा. महायुद्धात पोलाद तोफांकडे गेलं म्हणून असा बांधला, असं सांगतात. पुढे देमोदराला गाडी एक गिरकी घेऊन स्वतःच्याच स्टेशनाखालच्या बोगद्यातून बाहेर पडते. मळ्यावरच्या मुकादमाला डोक्याचा फेटा सोडून पुन्हा बांधताना पाहून अभियंत्याला ही कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, फेटा बांधणाऱ्यांच्या मुलखातून आलेल्या आपल्याला ती पटते. एकच विनंती: दारात लोंबकळून फोटो काढू नका. त्यापायी पर्यटकांचे जीव गेले आहेत.

जाता जाता चार मिरच्या

कँडीहून पूर्वेला महियंगणाकडे उतरणारा रस्ता ‘अठरा वळणांचा’ म्हणून प्रसिद्ध. रुंदीकरणात एक वळण कमी झालं, उरली सतरा. नाव अठराच. श्रीपाद डोंगरावरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाची मानतात, हिंदू शिवाची, मुसलमान आदमची; इब्न बतूता चौदाव्या शतकात तो चढून गेला होता. माथ्यावर घंटा आहे, जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे. नवख्याने एकच द्यावा, खोटे टोल तिथे चालत नाहीत. आणि हापुतलेला लिप्टनच्या आवडत्या बसायच्या जागी स्वतः लिप्टन पुतळ्याच्या रूपात बसलेला आहे. हवा स्वच्छ असली तर तिथून दक्षिणेचा समुद्र दिसतो.

पावसात या डोंगरात दरडी कोसळतात. तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था जिल्हावार इशारे देते. सकाळी निघण्याआधी चालकाला तेवढं विचारा, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका. डिसेंबरच्या सुट्टीत जात असाल तर एल्लाच्या बाजूला पाऊस गृहीत धरा. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत गेलात तर दोन्ही उतार बहुधा साथ देतात. कोलंबोपासून एल्लापर्यंत पाच रात्री तरी ठेवा. तीन दिवसांत सगळं उरकण्याचा बेत असेल, तर चहा विमानतळावरच घ्या आणि उलटीच्या गोळ्या जास्तीच्या घ्या.